देवाचे बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याला चुना, वीट, गवंडी आणि व्याही या चौघांचा पुरेपूर अनुभव असावा. परंतु देवाचे घर बांधण्याचा प्रसंग काही त्याच्यावर आला नसावा. आला असता तर म्हणीत तिसरे कलम खचित वाढले असते. आपले घर बांधताना माणूस आपल्या ऐपतीला भितो, सावकाराला भितो, आणि कबूल करो वा न करो, बायकोला भितो. देवाचे घर बांधायला निघाला की ही तिन्ही भये एकाएकी पळून जातात. 'ज्याचे काम आहे तो पाहून घेईल' एवढे कोणीतरी बैठकीत म्हणायचा अवकाश, अंदाजपत्रकाला पंख फुटलेच म्हणून समजावे.

दिवाळीच्या या दिवसांत घरोघर रंगसफेदी झालेली असते, माळ्यावरची अडगळ खाली येऊन पुन्हा माळ्यावर गेलेली असते, आणि 'आता ही जागा पुरत नाही' हे वाक्य प्रत्येक घरात निदान एकदा तरी उच्चारले गेलेले असते. तेव्हा जागा न पुरण्याविषयी दोन शब्द लिहिले तर ते अगदीच अवेळी होणार नाहीत. फरक एवढाच, की मला येथे कुटुंबाची नव्हे, भाविकांच्या मंडळीची गोष्ट सांगायची आहे. मंडळी वाढू लागते. उपासनेला लोक व्हरांड्यात उभे राहतात, मुलांचा वर्ग जिन्याखाली भरतो, चपलांचा ढीग रस्त्यावर येतो. मग कोणी म्हणतो, दुसरी जागा पाहिली पाहिजे. येथवर सारे सरळ आहे. अडचण पुढे येते. जागा किती मोठी पाहायची? पैसा कोणाचा? आणि जे अजून आलेलेच नाहीत, त्यांच्या भरवशावर आज किती विटा रचायच्या?

हा प्रश्न माझ्या मनात ज्या हकीकतीने पक्का बसवला ती अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची आहे. लॉस एंजलिसच्या दक्षिणेला ऑरेंज नावाचा परगणा आहे. नावाप्रमाणे तेथे एके काळी संत्र्यांच्या बागा होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भराभर तुटल्या आणि त्यांच्या जागी घरांच्या रांगा उठल्या. १९५५ साली तेथल्या गार्डन ग्रोव्ह या गावी रॉबर्ट शुलर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पाळक येऊन दाखल झाला. आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या पंथाने त्याला नवी मंडळी उभी करायला पाठवले होते. गाठीला पाचशे डॉलर, आणि ऑर्गन वाजवणारी पत्नी आर्व्हेला. उपासनेला सभागृह मिळेना, तेव्हा त्याने मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचे एक उघडे मैदान रविवार सकाळपुरते भाड्याने घेतले. ज्या पडद्यासमोर शनिवारी रात्री लोकांनी मारामाऱ्या आणि प्रेमप्रसंग पाहिले, त्याच्याचसमोर सकाळी प्रार्थना. खाद्यपदार्थांच्या टपरीच्या छपरावर उभा राहून शुलर प्रवचन करी आणि श्रोते आपापल्या मोटारीत बसून ध्वनिक्षेपकातून ते ऐकत. जसे असाल तसे, घरच्या गाडीतूनच या, असे त्याचे आमंत्रण असे. त्याच वर्षी जुलैत शेजारच्या ॲनाहाइम गावी डिस्नेलँड उघडले. मोटारी एकूण त्या भागात यायच्याच होत्या. त्यांतल्या काही देवाकडे वळल्या.

पंथातल्या जुन्या मंडळींना हा प्रकार थोडा उठवळ वाटला असेल तर नवल नाही. आपल्याकडे कोणी तमाशाच्या कनातीत कीर्तन लावले तर आपणही भुवया उंचावू. पण या उठवळपणात एक मोठी गोष्ट घडून गेली, आणि ती शुलर पुढे जन्मभर सांगत राहिले. एक वयस्कर शेतकरी आपल्या पत्नीला त्या मैदानावर घेऊन येई. पक्षाघाताने तिचे चालणे थांबले होते, बोलणेही थांबले होते. मोटारीतून उतरणे तिला शक्य नव्हते. जगातल्या कोणत्याही देवळाच्या पायऱ्या तिला चढता आल्या नसत्या. येथे पायऱ्याच नव्हत्या.

पुढे लौकरच मंडळीने एक लहानसे रीतसर चर्चही बांधले. शुलर सकाळी तेथे उपासना घेत आणि मग मैदानावर जात. आता दोन मंडळ्या झाल्या; एक बाकांवर बसणारी आणि एक गाडीत बसणारी. शहाण्या माणसाने काय केले असते? वाढत्या मंडळीला एक मोठी जागा पाहून मैदान सोडून दिले असते. परंतु मैदान सोडले तर ती बाई जाणार कोठे? आणि मैदान ठेवले तर बाकांवर बसणारी प्रतिष्ठित मंडळी रुसणार. यावर दोन तट पडले. शेवटी निघालेला तोडगा मला आजही कौतुकाचा वाटतो. रिचर्ड नॉइट्रा या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने असे चर्च आखले, की आत बाके, बाहेर मोटारींचे आवार, आणि मध्ये सरकणारी काचेची भिंत. भिंत बाजूला सरली की पाळक आतल्यांनाही दिसे, बाहेरच्यांनाही. १९६१ साली ते पुरे झाले.

मी येथे जरा थांबतो, कारण या हकीकतीत माझे मन येथेच रमते. मंडळी वाढली, तिने बिऱ्हाड हलवले, पैसा गोळा केला, इमारत उभी केली. आणि हे सारे करताना जिला चालता येत नव्हते तिला मागे टाकले नाही. इमारतीची एक अख्खी बाजू तिच्यासाठी उघडी ठेवली. अशा बांधकामाला कोणी उधळपट्टी म्हणू लागला तर त्याच्याशी भांडायला मी तयार आहे.

असे म्हणणारे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांचे म्हणणे वरवर पाहता अगदी बिनतोड दिसते. एवढा पैसा भुकेल्यांना दिला असता तर? हा प्रश्न फार जुना आहे. बैथनी गावी एका स्त्रीने येशूवर मोलाचे सुगंधी तेल ओतले तेव्हा शिष्यांनी तोच विचारला होता. आणि गरिबांचा एवढा कैवारी असलेल्या येशूने शिष्यांची नव्हे, तर त्या बाईची बाजू घेतली. ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. प्रेमाला हिशेब जमत नाही, आणि सदैव हिशेब जमणाऱ्याला बहुधा दानही जमत नाही. शिवाय 'गरिबांना दिले असते' म्हणणाऱ्याने एरवी गरिबांना किती दिले, हे विचारण्याची सोय नसते!

दुसरे असे, की गरिबालाही भव्यतेची भूक असते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांचा संसार करणाऱ्याला संगमरवरी फरशीवर मांडी घालून बसायला मिळते ते देवळातच. श्रीमंताचा दिवाणखाना त्याच्यासाठी बंद असतो. देवाचा दिवाणखाना मात्र त्याचाही असतो. निदान असायला हवा. चोखोबाच्या वाट्याला तो आला नाही, हे आपण विसरता कामा नये. ज्या घराचे दार काहींसाठी बंद, ते कितीही सुंदर असो, त्याच्या विटांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

तेव्हा बांधणे हा काही गुन्हा नव्हे. चूक असली तर ती अन्यत्र असावी, आणि ती नेमकी कोठे हे पाहण्यासाठी पुन्हा गार्डन ग्रोव्हकडे वळले पाहिजे.

मंडळी वाढतच गेली. १९६८ मध्ये तेथे आशेचा मनोरा उभा राहिला, वर नव्वद फुटी क्रूस. १९७० पासून शुलरांची उपासना दूरचित्रवाणीवर दिसू लागली आणि ज्यांनी गार्डन ग्रोव्ह नकाशावरही पाहिले नव्हते अशी लक्षावधी माणसे दर रविवारी घरबसल्या त्या मंडळीत सामील झाली. ती पैसे पाठवू लागली. मग नॉइट्राचे चर्च पुरेना. फिलिप जॉन्सन या विख्यात वास्तुशिल्पज्ञाला बोलावणे गेले. शुलरांना सगळे देऊळ काचेचे हवे होते. आकाश आत यावे, अशी त्यांची इच्छा. अंदाज निघाला सत्तर लाख डॉलरांचा. मंडळीच्या गंगाजळीत त्या मानाने काहीच नव्हते. शुलरांनी मग एक कागद घेतला आणि त्यावर सत्तर लाख उभे करण्याचे दहा मार्ग लिहिले. सत्तर लाख देणारा एक दाता. दहा दहा लाख देणारे सात. पाच पाच लाख देणारे चौदा. असे करीत करीत शेवटी दहा हजार काचा एकेका दात्याला विकणे.

हा कागद अमेरिकेत पुढे फार प्रसिद्ध झाला. उमेद कशी धरावी याचा नमुना म्हणून व्याख्यानांतून तो सांगितला जातो, आणि उमेदीचा तो नमुना आहेच. पण मी तो दुसऱ्या नजरेने वाचतो. गणित बिनचूक आहे; एकदा सत्तर लाख हा आकडा पक्का मानला की त्याला सातांनी भागा नाहीतर चौदांनी भागा, उत्तर चुकणार नाही. फक्त, सत्तर लाख कशासाठी, हा प्रश्न त्या कागदावर कोठेच बसत नाही. आणि गंमत अशी, की तो आकडाही कायम राहिला नाही. १४ सप्टेंबर १९८० रोजी देऊळ अर्पण झाले तेव्हा खर्च सुमारे एक कोटी ऐंशी लाखांवर गेला होता. काचा दात्यांच्या नावे पाचशे डॉलरला एक अशा दिल्या गेल्या. त्या दहा हजारांहून अधिक होत्या. म्हणजे साऱ्या गेल्या तरी पन्नास लाखांच्या आसपास. बाकीचे मोठ्या देणगीदारांनी आणि दूरचित्रवाणीसमोरच्या माणसांनी भरले. इमारत ४१५ फूट लांब, १२८ फूट उंच, आत बारा प्रेषितांची बारा कारंजी. जुनी आठवण मात्र त्यांनी सोडली नव्हती, हे नमूद केले पाहिजे. व्यासपीठाजवळ नव्वद फूट उंचीची दोन दारे ठेवली होती. ती उघडली की बाहेर मोटारीत बसलेल्यांनाही उपासनेत भाग घेता येई.

काचेवर नाव ही कल्पना आपल्याला हसू आणते. पण हसण्यापूर्वी आपल्या पायऱ्या पाहाव्यात. आमच्या गावी ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा पावतीपुस्तक घेऊन हिंडणाऱ्यांत मीही होतो. पायरीवर नाव कोरण्याची मूळ कल्पना किती नम्र! नामदेवांनी पंढरीच्या महाद्वारी पायरी होण्याचे मागितले ते संतांची पायधूळ लागावी म्हणून. आमच्या दात्यांनाही पायधूळ हवीच होती. परंतु प्रत्येकाला ती सर्वांत वरच्या पायरीवर हवी होती, कारण तेथे सभामंडपाचा उजेड पडतो आणि अक्षरे नीट वाचता येतात. एका आजींनी तेवढे वेगळे मागितले. 'भाऊ, माझ्या लेकाचं नाव खालच्या पायरीवर घाला. वर चढवेना झालं की मी तिथंच बसते.' त्यांचा लेक दोन वर्षांमागे गेला होता. समितीला खालच्या पायरीचा दर ठरवावाच लागला नाही. त्या पायरीला दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

असो. नावाची हौस हा माणसाचा किरकोळ दोष आहे आणि त्यातून पुष्कळ दवाखाने, पाणपोया आणि वाचनालये उभी राहिली आहेत. मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच ठिकाणी. काचेचे देऊळ उभे राहिले, आणि त्या दिवसापासून हिशेब उलटा झाला. तोवर माणसे होती म्हणून इमारत हवी होती. आता इमारत होती म्हणून माणसे हवी झाली. नाताळाचे आणि ईस्टरचे प्रचंड देखावे होऊ लागले, त्यांत खरेखुरे उंट चालत. आणखी एक मनोरा आला; २००३ मध्ये रिचर्ड मायर यांच्या आराखड्याप्रमाणे आणखी एक मोठी इमारत आली. एकेक इमारत भिंतीसारखी नव्हे, तोंडासारखी असते. तिला रोज काहीतरी घालावे लागते. पुढे शुलर थकले, २००६ मध्ये त्यांनी गादी मुलाकडे दिली, दोनच वर्षांत घरात बेबनाव होऊन मुलगा दूर झाला, मग मुलगी आली. बघणारे कमी झाले, मनीऑर्डरी कमी झाल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये मंडळीने दिवाळे जाहीर केले. देणे चार कोटी डॉलरांच्या वर होते. सावकारांच्या यादीत मोठी गहाणखते होती, आणि नाताळाच्या देखाव्याला जनावरे पुरवणारेही होते. बाळ येशूच्या गोठ्यातल्या जनावरांचे भाडे थकले होते!

येथे कोणी मला अडवील. म्हणेल, पुढच्या पिढ्यांच्या भरवशावर बांधणे जर पाप असेल, तर जगातले एकही मोठे देऊळ उभे राहिले नसते. आजोबांनी आंबा लावायचा आणि नातवाने खायचा, हीच तर संस्कृती. आक्षेप खरा आहे, आणि मीही त्यावर बराच अडखळलो. उत्तर मला सापडले ते मुंबईत, कोटातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या हकीकतीत. चर्चगेट हे नाव ज्या चर्चमुळे पडले ते हे. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या काळात त्याच्या भिंती उठू लागल्या आणि त्याच्यामागे काम जे थांबले ते चाळीसेक वर्षे थांबले. अर्ध्या उंचीच्या भिंती पावसात भिजत उभ्या राहिल्या. मग रिचर्ड कॉब नावाचा एक धर्मोपदेशक आला, त्याने वर्गणीचा पुन्हा खटाटोप केला, आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. ऑन्जिअरनेही पुढच्यांच्या भरवशावरच सुरुवात केली होती. पण त्याने पुढच्यांसाठी ठेवली होती अर्धी भिंत. अर्ध्या भिंतीला पुढची पिढी पुरी करू शकते, पाडू शकते, किंवा तिच्याकडे पाठ फिरवून आपल्या कामाला लागू शकते. भिंत व्याज मागत नाही. कर्जाचे तसे नाही. कर्ज नातवाला विचारीत नाही की तुला हे देऊळ हवे आहे काय. ते फक्त त्याच्या दाराशी येऊन बसते. आंबा लावणे वेगळे आणि नातवाच्या नावे आंब्याची उचल घेणे वेगळे.

आणि देवाच्या नावे काढलेले कर्ज तर फारच चमत्कारिक वस्तू आहे. रोमला जुने सेंट पीटरचे देऊळ बाराशे वर्षांचे होऊन खचले, तेव्हा १५०६ साली दुसऱ्या ज्यूलियस पोपने नव्याची कोनशिला बसवली. देऊळ पुरे होऊन अर्पण व्हायला १६२६ साल उजाडले. आज ते पाहणारा कोणीही माणूस ते बांधायला नको होते असे म्हणणार नाही. मायकेलअँजेलोचा घुमट उगीच नाही. पण दहाव्या लिओ पोपने त्या बांधकामासाठी पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकायला काढली, आणि जर्मनीत त्या विक्रीची मखलाशी अशी होती, की निम्मा पैसा रोमला जायचा आणि निम्मा फुगर सावकारांना. माइन्झच्या आर्चबिशपने आपले पद मिळवण्यासाठी फुगरांकडून कर्ज उचलले होते, ते त्यातून फिटायचे होते. म्हातारी आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून नाणे टाकी, आणि ते पेढीच्या खात्यावर जमा होई. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आपली पंचाण्णव वचने मांडली, त्यांत एवढ्या श्रीमंत पोपने निदान हे एक देऊळ स्वतःच्या पैशाने का बांधू नये, अशीही पृच्छा होती. देऊळ उभे राहिले आणि ख्रिस्ती मंडळी दुभंगली. अर्थात दुभंगण्याला दुसरीही अनेक कारणे होती. पण ठिणगी पडली ती बांधकामाच्या वर्गणीतून.

ल्यूथरच्या त्या पृच्छेला आपल्याकडे अहिल्याबाईंनी कृतीने उत्तर दिले आहे. १७८० साली काशी विश्वेश्वराचे देऊळ त्यांनी उभारले. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. हा खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला. रयतेवर देवाच्या नावाने पट्टी बसवली नाही. मात्र हे उत्तर आपल्यासारख्यांच्या फारसे उपयोगी नाही. सगळ्याच मंडळ्यांना अहिल्याबाई मिळत नाहीत. ज्यांच्यापाशी खासगी नाही त्यांनी काय करावे?

त्यांनी गाडगेबाबांकडे पाहावे, असे मला वाटते. बाबा जन्मभर लोकांकडून पैसा मागत हिंडले आणि जन्मभर बांधत राहिले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. पण देऊळ त्यांनी बांधले नाही, आणि बांधलेल्या एकाही धर्मशाळेत ते मालकासारखे राहिले नाहीत. खराटा आणि गाडगे एवढेच बिऱ्हाड. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. इमारत देऊन टाकता येते, हे मला त्या एका कृतीतून कळले. बांधणाऱ्याच्या हाताची खरी परीक्षा त्यात आहे. मूठ वळताना नव्हे, उघडताना. शुलरांना ती मूठ उघडणे जमले नाही, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर लाखात एखाद्यालाच ते जमते.

मग मुळात बांधूच नये, हा मार्ग काय वाईट? तोही आपल्याकडे एका मोठ्या माणसाने चालून पाहिला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस-बावीस वर्षे काम केले, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. परकी पैसा नको, पगारी नोकर नकोत. कल्पना अशी उदात्त, की ती वाचताना आजही छाती भरून येते. परंतु दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार त्या रूपात टिकला नाही. ज्या मंडळ्यांना भिंती होत्या त्या टिकल्या. याचा मला राग येतो. पण ते खरे आहे. भिंत ही मंडळीची आठवण असते. संस्थापक जातो, उत्साह ओसरतो, आणि दर आठवड्याला कोणीतरी येऊन दार उघडते, केर काढते, घंटा वाजवते. तेवढ्यावर पन्नास वर्षे निघून जातात. आणि मग एखाद्या रविवारी त्याच भिंतींच्या आत कोणीतरी टिळकांचेच पद गायला लागते. ज्यांनी घर नको म्हटले त्यांची गीते महाराष्ट्रभरच्या चर्चांतून आजही गायिली जातात. त्या छपरांनी ती जपली, असेही म्हणता येईल.

म्हणून 'देव काय देवळात राहतो?' असा खडा सवाल टाकून मोकळे होणाऱ्यांशी माझे जमत नाही. देव कोठेही राहो. माणसाला पाऊस लागतो. वाढत्या मंडळीने जागा बदलावी, पैसा गोळा करावा, सुंदर बांधावे. माझे एवढेच मागणे असते, की समितीच्या बैठकीत आकडा ठरण्याआधी कोणीतरी त्या मोटारीतल्या बाईची चौकशी करावी. आपल्या मंडळीत ती कोण आहे? नव्या जागी ती कशी येणार? बस तेथे जाते काय? जुन्या जागेभोवती राहणारे, पायी येणारे म्हातारे नव्या जागेच्या आराखड्यात कोठे आहेत? बहुतेक बैठकांत हे प्रश्न निघत नाहीत. कारण त्या बाई बैठकीला आलेल्याच नसतात.

आता काचेच्या देवळाचे काय झाले तेवढे सांगून हा लेख पुरा करतो. नोव्हेंबर २०११ मध्ये न्यायालयाने विक्रीला मान्यता दिली आणि पाच कोटी पंचाहत्तर लाख डॉलरांना ते आवार ऑरेंजच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताने घेतले. त्या मंडळीतही माणसे मावेनाशी झाली होती. व्हिएतनाममधून आलेली, मेक्सिकोतून आलेली. नवे कॅथीड्रल बांधण्याचा तिचा विचार चाललाच होता. तो बाजूला ठेवून तिने तयार इमारत पत्करली. जून २०१३ अखेर शुलरांच्या मंडळीने तेथली शेवटची उपासना केली आणि ती जवळच्या एका कॅथलिक चर्चमध्ये राहायला गेली. त्या चर्चची मंडळी इकडे आली. दोन मंडळ्यांनी जणू बिऱ्हाडांची अदलाबदल केली. सामान उचलताना कोणाच्या मनात काय आले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. दुरुस्तीवर आणखी सात कोटींहून अधिक डॉलर खर्चून जुलै २०१९ मध्ये ते 'क्राइस्ट कॅथीड्रल' म्हणून पुन्हा अर्पण झाले. आता तेथे इंग्रजी, स्पॅनिश आणि व्हिएतनामी अशा भाषांतून मिस्सा होतात. नॉइट्राची जुनी इमारतही उभी आहे.

शुलर २ एप्रिल २०१५ रोजी वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी काचेच्या देवळाचे काम चालू होते, म्हणून विधी बाहेर आवारात, उघड्यावर झाला. त्याच आवारातल्या स्मशानभूमीत आर्व्हेला आदल्या वर्षी विसावली होती. तिच्याजवळ त्यांना पुरले.